भुरटी चोरी : शब्द, कायदा आणि ‘उचल्या’

१

चोरी लहान केव्हा म्हणावी आणि मोठी केव्हा, या प्रश्नाचे उत्तर कायदा एका रीतीने देतो, भाषा दुसऱ्या रीतीने देते आणि साहित्यकृती तिसऱ्या रीतीने. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या तिन्ही उत्तरांच्या नेमक्या सांध्यावर उभे आहे. १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, पुढे ते इंग्रजीतही गेले. त्याविषयी आजवर जे लेखन झाले ते बहुतांशी ‘दाहक वास्तव’, ‘अस्सल अनुभव’ आणि ‘सामाजिक दस्तऐवज’ या तीन शब्दसमूहांभोवती फिरते. ज्या शब्दाने या पुस्तकाचे नाव झाले आहे, त्या शब्दाकडे मात्र आवश्यक तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : ‘उचलणे’ हे मराठीतील एक साधे क्रियापद. त्याचे नाम झाले, त्या नामाची जात झाली आणि त्या जातीचा गुन्हा झाला. गायकवाडांच्या लेखनाचे वाङ्मयीन मोल यात आहे, की ते या नामाला पुन्हा क्रियापदाच्या ठिकाणी नेऊन बसविते. हे विधान सिद्ध करण्यासाठी प्रथम कायद्याची परिभाषा, नंतर मराठीतील चोरीविषयक शब्दसंपदा आणि अखेरीस प्रत्यक्ष कृती, अशा क्रमाने विचार करावयाचा आहे. उदाहरणांसाठी शक्यतो मराठवाड्याचाच, त्यातही जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचा, अंतरवाली सराटीच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवला आहे. गायकवाडांचे धनेगाव लातूरकडचे. दोन्ही गावे एकेकाळच्या निजाम राज्यातील. शेती, दुष्काळ आणि स्थलांतर यांची भाषाही पुष्कळशी सारखीच.

२

१८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७८ व्या कलमाने चोरीची व्याख्या केली आणि ३७९ व्या कलमाने तीन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविणे म्हणजे चोरी. या व्याख्येत वस्तूच्या किमतीला स्थान नाही. सुई हलविली काय आणि सोन्याची पाटली हलविली काय, व्याख्येच्या दृष्टीने कृत्य एकच. संहितेचा पहिला मसुदा तयार करणाऱ्या मेकॉले प्रभृतींना ही अडचण ठाऊक होती. दुसऱ्याच्या दौतीत लेखणी बुडविणे हीदेखील या व्याख्येप्रमाणे चोरीच ठरेल, असे त्यांनी आपल्या टिपणांत नमूद केले आहे. म्हणूनच ९५ व्या कलमाने, सामान्य समजुतीचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्ह्यातून वगळली.

येथपर्यंत कायदा कृत्याविषयी बोलतो. परंतु त्याच संहितेचे ७५ वे कलम कर्त्याकडे वळते. मालमत्तेविषयीच्या अशा गुन्ह्याबद्दल एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करील, तर त्याला आजन्म कारावासापर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देण्याची तरतूद तेथे होती. म्हणजे वस्तू पहिल्याइतकीच क्षुल्लक असली, तरी गुन्हा मोठा होऊ शकत होता. कारण आता मोजावयाची ती वस्तू नव्हे, तो माणूस. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. पूर्वी शिक्षा झालेली असण्याचीही आवश्यकता उरली नाही. जन्म पुरेसा झाला. प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला, १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्या दिवसापासून या जमातींना ‘विमुक्त’ हे नाव मिळाले.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३०३ व्या कलमात प्रथमच रकमेचे माप आले आहे. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याचे मोल परत केले असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा द्यावयाची. अशी चोरी अदखलपात्रही ठरविली आहे. ‘भुरटी चोरी’ या मराठी शब्दप्रयोगाला कायद्यात अर्थ मिळण्यास अशा रीतीने १६२ वर्षे लागली.

३

आता भाषेकडे वळू. मराठीतील ‘चोरणे’ या क्रियापदाचा व्यवहार बारकाईने पाहिला, तर त्यात परद्रव्य घेण्याच्या अर्थाइतकाच लपविण्याचा व आखडून घेण्याचा अर्थही बलवान आहे, असे आढळते. माणूस अंग चोरून बसतो, नजर चोरतो, काम चोरतो. घराला चोरदरवाजा असतो, पेटीला चोरकप्पा असतो, पावले चोरपावले असतात. यांपैकी एकाही ठिकाणी दुसऱ्याची वस्तू कोणी नेलेली नाही. जे उघड असावयास हवे ते झाकले गेले आहे, एवढेच. दरोडा आणि चोरी यांत मराठी माणूस जो भेद करतो, तो मुळात मालाच्या मोलावर नव्हे, तर उघड आणि लपून या भेदावर उभा आहे. कायद्याच्या व्याख्येत मात्र लपविण्याला स्थान नाही. भरदिवसा, सर्वांच्या देखत नेलेली वस्तूही चोरीचीच.

याहून महत्त्वाचा असा आणखी एक प्रयोग आहे. ‘तिला घराबाहेर पडायची चोरी झाली’, ‘आम्हांला हसायचीही चोरी’ असे आपण म्हणतो. येथे ‘चोरी’ म्हणजे मज्जाव. ज्या गोष्टी इतरांना उघडपणे करता येतात, त्या करण्याची ज्याला मोकळीक नाही, त्याच्या बाबतीत ती साधी गोष्टच चोरी होऊन बसते. हा प्रयोग बोलीत इतका रुळलेला आहे, की त्यातील अर्थाचे सामर्थ्य आपल्या ध्यानी येत नाही. कृत्य कोणते, यावर चोरी ठरत नाही. ते करण्याची मुभा कोणाला, यावर ठरते, हे तो प्रयोग सांगतो. बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेच्या शीर्षकात हे क्रियापद योजिले, तेव्हा त्याचे हे सारे अर्थ एकदम जागे झाले. तेथील नायकाने कोणाचेही काही घेतलेले नाही, स्वतःचेच नाव लपविले आहे. आणि तरी त्याला चोराचा मार बसतो.

‘भुरटा’ या विशेषणाची चालही पाहण्याजोगी आहे. ‘भुरटी चोरी’ असे आपण म्हणतो खरे, परंतु ‘भुरटा चोर’ हा प्रयोग तितकाच, किंबहुना अधिक, कानांवर येतो. वस्तूचा लहानपणा माणसाला चिकटतो. मोठी चोरी करणारा ‘अट्टल’ किंवा ‘सराईत’ ठरतो आणि या विशेषणांत कौशल्याविषयीचा थोडा दबलेला आदर असतो. भुरट्याच्या वाट्याला तोही येत नाही. ‘चोराच्या मनात चांदणे’, ‘चोर तो चोर वर शिरजोर’, ‘चोराच्या उलट्या बोंबा’ या म्हणी घेतल्या, तरी त्यांत चोराच्या मनाचा व वर्तनाचा विचार आहे. काय नेले आणि किती नेले, याचा उच्चार नाही. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण मात्र न्यायदात्याकडे बोट दाखविते आणि म्हणून ती या समूहात वेगळी उठून दिसते.

४

म्हणी काहीही सांगोत, गावाच्या प्रत्यक्ष व्यवहारात मापे होती आणि काही अंशी अजूनही आहेत. अंबड तालुक्याचा हा भाग ज्वारी-बाजरीचा आणि कापसाचा. जायकवाडीच्या कालव्यानंतर उसाचा. आणि ज्या फळाला जिल्ह्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे त्या मोसंबीचा. शेतावरून जाणाऱ्या वाटसरूने कणीस मोडून हुरडा खाल्ला, उसाचे एक कांडे तोडले, तर त्यास सहसा कोणी चोर म्हणत नसे. तेच पदरात किंवा धोतराच्या सोग्यात बांधून घरी नेले, की शब्द बदलतो. खाणे आणि बांधून नेणे, या दोन क्रियापदांमध्ये गावाने आपली सीमा आखली होती. सुगी उरकल्यावर शेतात पडलेली कणसे वेचणे हा तर ‘सरवा’. तो वेचणाऱ्या गोरगरीब स्त्रीला शेतकरी क्वचित हटकी, पण त्या कृत्याला भाषेने स्वतंत्र, निर्दोष नाव दिले होते.

कायद्याचे माप येथे कसे पडते ते पाहावे. दंड संहितेप्रमाणे जमिनीला जोडलेली वस्तू ही जंगम नव्हे. म्हणून उभ्या पिकाची चोरी होऊ शकत नाही. कणीस ताटापासून तुटले, की त्याच क्षणी ते जंगम होते आणि अप्रामाणिक हेतूने तोडणाऱ्याचे कृत्य चोरी ठरते. म्हणजे कायद्याची सीमा देठावर आहे, गावाची सीमा पदराच्या गाठीवर आहे. पहिली सीमा अचूक आहे. दुसरीत माणसाच्या भुकेला थोडी जागा आहे.

चोरी झाल्यानंतरची जुनी व्यवस्थाही ध्यानात घ्यावी लागते. मराठेशाहीत व त्यानंतरही काही काळ गावचा जागल्या किंवा रामोशी चोराचा माग काढी. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, की जबाबदारी त्या गावाकडे जाई. माग हरवला, तर ज्याच्या हद्दीत हरवला त्या राखणदारावर, आणि प्रसंगी गावावर, भरपाईचा बोजा येई. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी लिहिलेल्या १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. तिचे दोष अनेक होते आणि तिचा गौरव करण्याचे कारण नाही. ज्याच्यावर भरपाई लादावयाची तो राखणदार बहुधा स्वतःच दरिद्री असे. तथापि तिचे लक्ष गेलेल्या मालाकडे होते, एवढे नोंदविले पाहिजे.

५

‘उचलणे’ या धातूचा संसार मराठीत मोठा आहे. ओझे उचलावे, बाळाला उचलावे, विडा उचलावा, शपथ घेताना बेलभंडारा उचलावा. आजार ‘उचल खातो’, अधिकाऱ्याची ‘उचलबांगडी’ होते, दुसऱ्याच्या ग्रंथातील परिच्छेद ‘उचलले’ जातात. या शेवटच्या कृत्याला विद्यापीठीय वर्तुळात ‘वाङ्मयचौर्य’ असे भारदस्त संस्कृत नाव आहे आणि ते करणाऱ्यास फार तर ‘वाङ्मयचोर’ म्हणतात. त्याच्या मुलांना मात्र तसे कोणी म्हणत नाही.

‘उचल’ या नामाचा एक अर्थ या भागात विशेष महत्त्वाचा आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेते, ती ‘उचल’. बीड-जालन्याकडील कित्येक कुटुंबांचे वर्ष या एका शब्दावर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घ्यावयाची, गळीत हंगामभर ती फेडावयाची, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षावर न्यावयाची. ही उचल घेणारा माणूस ‘उचल्या’ नव्हे. त्याच नामाला ‘-या’ प्रत्यय लागून सिद्ध झालेला ‘उचल्या’ वेगळाच आहे.

हा ‘-या’ प्रत्यय विचारात घेण्यासारखा आहे. जो एकदा रडला तो ‘रड्या’ होत नाही. जो नेहमीच रडतो तो रड्या. प्रत्यय क्रियेची नोंद करीत नाही, सवयीची करतो; आणि सवय ही स्वभावाची खूण मानली जात असल्यामुळे त्याच्यामागोमाग व्यक्तिमत्त्वाचा निकालही लागून जातो. ‘जागल’ म्हणजे पहारा. ती करणारा ‘जागल्या’. ‘उचल’ करणारा ‘उचल्या’. राखणारा आणि नेणारा, दोघांची नावे भाषेने एकाच साच्यातून काढली आहेत. फरक इतकाच, की जागल्या हे गावकीतील कामाचे नाव राहिले आणि उचल्या हे रक्ताचे नाव झाले. कायद्याने ‘सराईत गुन्हेगार’ ही कल्पना कलमांत बांधली, त्याच्या कितीतरी आधी व्याकरणाने तिची सोय करून ठेवली होती, असे म्हणावे लागते. मात्र व्याकरण निरुपद्रवी असते. प्रत्ययाला बेडी मिळाली ती नोंदवहीत.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत. त्यांतील ‘भामटा’ या नोंदीखाली जी नावे येतात त्यांत पाथरूट, टकारी, उचले, घंटीचोर अशी नावे शेजारी शेजारी आहेत. भाषाभ्यासकाला या एका नोंदीत दोन थर स्पष्ट दिसतात. ‘टकारी’ हे टाकीवरून आलेले नाव, जात्या-पाट्याला टाकी लावणाऱ्याचे. ‘पाथरूट’ हे पाषाणाच्या कामाचे. ही कामाची नावे होत. ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ ही आरोपाची नावे होत. एकाच समाजाला एका मुलखात कामावरून ओळखले गेले आणि दुसऱ्या मुलखात आरोपावरून. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, टाकीचे काम सरले. आणि कामाचे नाव फिके होत गेले तसतसे आरोपाचे नाव गडद होत गेले. यादीने दोन्ही नावे जपून ठेवली आहेत, हे तिचे अभावित ऋण होय.

६

‘उचल्या’कडे या पार्श्वभूमीवर वळले असता प्रथम जाणवते ते असे, की या आत्मकथनात चोरी हे शिकावे लागणारे काम आहे. मुलांना ते शिकविले जाते. पोलिसांच्या मारापुढे तोंड उघडू नये म्हणून त्यांना घरीच मार खाण्याची सवय केली जाते. हातचलाखीच्या निरनिराळ्या प्रकारांना समाजाच्या स्वतःच्या बोलीत वेगवेगळी नावे आहेत. ज्या समाजाविषयी कायद्याने असे गृहीत धरले की चोरी त्याच्या जन्मातच आहे, त्या समाजात ती इतक्या कष्टाने शिकवावी का लागते, हा प्रश्न लेखक विचारीत नाही. शिकवणीचे वर्णन तो इतक्या सरळपणे करतो की प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. ‘-या’ प्रत्ययाचे येथे खंडन झाले आहे, आणि तेही एकही युक्तिवाद न करता.

दुसरी गोष्ट भुकेची. या पुस्तकात चोरीच्या मालाचा हिशेब क्वचितच श्रीमंतीपर्यंत पोहोचतो. उंदीर मारून खाणाऱ्या घरात आलेले चोरीचे पैसे पोलिसांच्या वाट्यात, जामिनात आणि सावकाराच्या व्याजात जिरतात. चोरी भुरटी आहे, तिच्याभोवतीचा खर्च मात्र भुरटा नाही. गुन्ह्याचे अर्थशास्त्र इतक्या थोड्या शब्दांत मांडणारी दुसरी मराठी कृती सहज आठवत नाही.

तिसरी गोष्ट कर्त्याची. लेखकाचे वडील शेतावर राखणीचे काम करतात. जन्माने उचल्या असलेला माणूस कामाने जागल्या आहे. वर ज्या दोन नावांचा एकच साचा दाखविला, ती दोन्ही येथे एकाच माणसात भेटतात. आणि गाव व पोलीस यांच्या लेखी पहिले नाव दुसऱ्याला सतत पुसून टाकीत असते. आजोबांना हजेरी द्यावी लागते. मुलगा शाळेत जाऊ लागतो, तेव्हा वस्तीत साथ येते आणि तिचे कारण त्याचे शिक्षणच आहे, असा बोभाटा होतो. ‘शिकायची चोरी’ हा प्रयोग येथे शब्दशः खरा ठरतो. इतर मुलांनी उघडपणे करावयाची गोष्ट या मुलाला अपराध्यासारखी करावी लागते, आणि हा मज्जाव बाहेरून आहे तसा घरातूनही आहे. ही दुसरी बाजू न लपविण्यात लेखकाच्या सचोटीचा कस लागला आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहता, तेलुगूशी नाते सांगणारी घरची बोली, लातूरकडची ग्रामीण मराठी आणि शाळेतील व चळवळीतील प्रमाण मराठी अशा तीन पातळ्या या गद्यात आहेत. पूर्वार्धात पहिल्या दोन पातळ्यांचे बळ आहे. वाक्ये आखूड आहेत, क्रियापदे नेमकी आहेत, कोणी काय केले हे प्रत्येक ठिकाणी कळते. उत्तरार्धात, सूतगिरणीतील नोकरी, कामगार संघटना आणि सार्वजनिक कार्य येऊ लागले की वाक्यांचा कर्ता बदलतो. ‘मी’ आणि ‘दादा’ यांच्या जागी समाज, संघटना, मोर्चा, निवेदन ही नामे येतात आणि क्रियापदे सैल पडतात. हा दोष केवळ शैलीचा मानून चालणार नाही. ज्या नामांनी माणसांना झाकून टाकले त्यांच्याविरुद्ध हे पुस्तक उभे आहे. त्याच्या अखेरच्या भागात दुसऱ्या प्रकारची, सद्हेतूने आलेली का होईना, पण नामेच माणसांना झाकू लागतात. आत्मकथनांच्या समीक्षेत ‘अनुभवाची दाहकता’ हा एकच निकष लावल्यामुळे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांतील हा फरक हाताशी लागत नाही. क्रियापदांचा निकष लावला म्हणजे तो दिसतो.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’शी (१९५९) तुलना केली असता ‘उचल्या’चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. फकिराही गुन्हेगार ठरविलेल्या जातीतला, हजेरीच्या जाचात सापडलेला. पण तो दुष्काळात धान्य लुटतो आणि वाटतो. ‘लुटणे’ हे क्रियापद उघड आहे, सामूहिक आहे. मराठीत त्याला वीररसाची परंपरा आहे. ‘उचलणे’ला तशी परंपरा नाही. बाजारातून चप्पल, गाठोडे किंवा पाकीट उचलणाऱ्याला कोणताही रस आश्रय देत नाही. अण्णा भाऊंनी नायकाला मोठ्या क्रियापदाकडे नेले. गायकवाडांनी लहान क्रियापदाजवळ थांबून त्याचा कर्ता माणूस आहे हे दाखविले. दोन्ही मार्ग आवश्यक होते. दुसरा अधिक अवघड होता, कारण त्यात वाचकाच्या कौतुकाची हमी नव्हती.

७

लहान क्रियापदाला नाम चिकटते, मोठ्याला चिकटत नाही, याचा पुरावा साहित्याबाहेर शोधावयाचा झाला तर अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीकडे पाहावे. नदीपात्रातून रात्रीतून वाहनांच्या वाहने भरून वाळू जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की अशा प्रकरणी खनिजविषयक कायद्याखेरीज दंड संहितेच्या ३७९ व्या कलमाखालीही खटला चालू शकतो. म्हणजे जे कलम पाकीट उचलणाऱ्याला, तेच वाळू नेणाऱ्याला. परंतु वर्तमानपत्रांची व कार्यालयांची भाषा पाहावी. तेथे ‘अवैध वाळू उपसा’ असतो, ‘अवैध उत्खनन’ असते. ‘उपसणे’ हे विहिरीतील गाळाचे किंवा पाण्याचे निष्पाप क्रियापद. ‘उपसा’ या नामाला कर्ता लागत नाही. तो आपोआप होत असल्यासारखा वाटतो. आणि कर्त्याचा उल्लेख करण्याची वेळ आलीच, तर ‘वाळूमाफिया’ हा शब्द येतो, ज्यात भीती आहे, तुच्छता नाही. ‘उचल’वरून ‘उचल्या’ झाला. ‘उपसा’वरून ‘उपश्या’ झाला नाही. प्रत्यय मराठीत सर्वांना उपलब्ध आहे. तो कोणाला लावावयाचा, हे व्याकरण ठरवीत नाही.

८

अंतरवाली सराटी हे गाव २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या मनोज जरांगे-पाटील यांच्या उपोषणामुळे आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. त्या आंदोलनाच्या मागणीचा गुणदोष हा येथील विषय नव्हे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी, की त्यानंतर निजामकालीन कागदपत्रे तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुन्या नोंदवह्यांतील ‘कुणबी’ हा एक शब्द शोधण्यासाठी घराघरांतून धावपळ सुरू झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासननिर्णयही निघाला. पूर्वजाच्या नावापुढे कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर वंशजाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहते, हे त्या काळात सर्वांनी पाहिले.

त्याच राजवटीच्या दुसऱ्या नोंदवह्यांत दुसरे शब्द होते. एका घराला आजोबांच्या नावापुढील शब्द सापडावा असे वाटते, दुसऱ्या घराला तो पुसला जावा असे वाटते. आणि दुसऱ्या घराची अडचण दुहेरी आहे : सवलतीसाठी जो दाखला हवा, त्यावर तोच शब्द लिहून घ्यावा लागतो. ‘उचले’ म्हणून नोंद असल्यावाचून विमुक्त म्हणून मान्यता नाही. मुक्तीचा पुरावा म्हणून बेडीच दाखवावी लागते. जुन्या शब्दांच्या नोंदींचे सामर्थ्य मराठवाड्याने एका संदर्भात जवळून अनुभविले आहे. दुसऱ्या संदर्भातही ते समजून घेण्यास त्याच्याइतका योग्य प्रदेश नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९५२ नंतर सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या प्रवृत्तीवरही बोट ठेवले. नव्या न्याय संहितेत तर दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी आहेत. ३०३ वे कलम माल परत करणाऱ्या प्रथम अपराध्याला समाजसेवा सांगते. त्यात गावाच्या जुन्या भरपाईची आठवण आहे आणि कृत्याचे लहानपण मान्य केले आहे. ११२ वे कलम मात्र ‘लहान संघटित गुन्हा’ ही नवी कोटी निर्माण करते. एखाद्या गटाचा किंवा टोळीचा घटक असलेल्याने एकट्याने केलेली चोरीही त्यात येते. खिसे कापणे आणि दुकानातून वस्तू उचलणे यांचा तेथे नावानिशी उल्लेख आहे. आणि शिक्षा एक वर्षाहून कमी नाही, सात वर्षांपर्यंत आहे. टोळी म्हणजे काय, हे पुराव्याने ठरेल की नावाने, यावर पुष्कळ अवलंबून आहे. एखाद्या वस्तीतील दोन मुले बाजारात सापडली, तर ती ३०३ व्या कलमातील दोन प्रथम अपराधी ठरतील की ११२ व्या कलमातील टोळी, हा निर्णय घेताना पोलीस ठाण्यातील मेजावर कोणता शब्द आधीपासून पडलेला आहे, याला महत्त्व येणार.

या ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाचे एक लहानसे पण निश्चित काम आहे. मराठी शब्दकोशांत ‘उचल्या’ची नोंद करताना चोरीचा अर्थ तेवढा देऊन थांबणे यापुढे योग्य होणार नाही. धातूचा मूळ अर्थ, सवयदर्शक प्रत्यय, गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात जातिनाम म्हणून झालेला वापर, त्याच समाजाची कामावरून पडलेली पर्यायी नावे आणि १९८७ नंतर त्या समाजातील एका लेखकाने स्वतःच्या ग्रंथाला दिलेले नाव, या पाच गोष्टी कालक्रमाने आणि अवमानदर्शक प्रयोग असा निर्देश करून द्यावयास हव्यात. शब्द कोशातून काढून टाकण्याने काही साधत नाही. गायकवाडांनीही तो काढून टाकला नाही, मुखपृष्ठावर आणून ठेवला. कोशाने एवढेच करावयाचे, की हा शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या अधिकाराने उच्चारला हे वाचकाला नोंदीतच कळावे.